भेगेत मुरलेलं तेल

गाडी खड्ड्यात आपटते, खालून जोराचा आवाज येतो आणि थोड्या वेळाने ऑइलचा लाल दिवा लागतो. गॅरेजवाला खाली वाकून बघतो नि सांगतो, "चेंबर फुटला." चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं. पत्र्याचा चेंबर असला तर तो चेपतो. पण आता बऱ्याच गाड्यांना ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा चेंबर असतो, आणि ओतीव धातू चेपत नाही, तडकतो. नवा भाग महाग असतो किंवा लवकर मिळत नाही. मग चेंबर उतरवून आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडे, म्हणजे आर्गनवाल्याकडे, नेतात.

टंगस्टनच्या टोकाशी आर्क पेटवायचा आणि त्याभोवती आर्गन वायूचं आवरण ठेवायचं, ही या वेल्डिंगची रीत. तिचं मूळ विमानांच्या कारखान्यात आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी हेलियम वापरून ती घडवली आणि १९४२ साली त्यांना पेटंट मिळालं. अ‍ॅल्युमिनियमला ती फार मानवली. या धातूवर हवेत आपोआप ऑक्साइडचं पातळ कवच चढतं. शुद्ध धातू ६६० अंश सेल्सिअसला वितळतो, पण कवचाला २००० अंशांहून जास्त उष्णता लागते. म्हणून मशीन एसीवर चालवतात. प्रवाह एका दिशेने वाहताना कवच फुटतं, उलट फिरला की धातू वितळतो.

एवढं मशीन करतं. खरी मेहनत आर्क पेटण्याआधीची, आणि कारागिराची पारख तिथेच होते. ओतकामात बारीक छिद्रं राहिलेली असतात आणि वर्षानुवर्षं गरम ऑइलमध्ये राहिलेल्या भागात ते तेल लोणच्याच्या फोडीत मुरावं तसं मुरतं. वरून कितीही पुसा, आर्क लागला की ते उकळून वर येतं, काळी काजळी धरते आणि जोड जाळीदार होतो. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम तेलातला आणि ओलाव्यातला हायड्रोजन शोषतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं. तो आतच अडकला की छिद्रं राहतात. म्हणून भाग सॉल्व्हंटने धुवायचा, गरम करायचा, वर आलेलं तेल पुसायचं, पुन्हा गरम करायचा. घाई करणाऱ्याचा जोड आठवड्याभरात पुन्हा पाझरतो.

भेग डोळ्यांना दिसते त्याहून लांब असते. लाल डाय लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर मारला की तिची खरी टोकं कळतात. त्या दोन्ही टोकांशी ड्रिलने भोक पाडायचं, म्हणजे उष्णतेने ती पुढे धावत नाही. मग कार्बाइडच्या बरने भेग 'व्ही' आकारात खोदून काढायची. साधा ग्राइंडिंगचा दगड इथे चालत नाही, कारण त्याचे कण मऊ धातूत रुततात. भरायला बहुधा ४०४३ची सळई घेतात. तिच्यात सुमारे ५ टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे रस नीट वाहतो आणि गोठताना तडा जाण्याची भीती कमी होते.

यात फसवणारी एक गोष्ट आहे. लोखंड तापलं की लाल होऊन सावध करतं. अ‍ॅल्युमिनियम रंग बदलत नाही. आता चकाकत होतं आणि पुढच्या क्षणी खाली गळून पडलं, असं होतं. उष्णताही ते भराभर पसरवतं, म्हणून जाड भाग आधी १५० अंशांच्या आसपास तापवून घेतात.

काही कामं मात्र चांगला आर्गनवाला हातात घेत नाही. अलॉय व्हीलला आरे असतात तिथली भेग किंवा स्टिअरिंगचा नकल ही त्यांतली. हे भाग उष्णतेचे संस्कार करून कणखर केलेले असतात. वेल्डिंगने जोडाशेजारची ती ताकद जाते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. चेंबर पाझरला तर तेल जाईल, चाक तुटलं तर माणूस जाईल. असं गिऱ्हाईक परत पाठवणारा कारागीर मला मोठा वाटतो.

तो जी कामं घेतो त्यांत सिलिंडर हेडचं काम सगळ्यांत नाजूक. उष्णतेने त्याचा सपाट पृष्ठभाग वाकतो, व्हॉल्व्हच्या सीट सैल होऊ शकतात. वेल्डिंगनंतर ते मऊ राखेत किंवा ब्लँकेटखाली हळू निवू द्यायचं, मशीनवर फेसिंग करायचं, पाण्याचे मार्ग बंद करून हवेचा दाब द्यायचा आणि हेड गरम पाण्यात बुडवायचं, कारण काही भेगा तापल्यावरच उघडतात. बुडबुडा दिसला की ती जागा पुन्हा खोदून सुरुवातीपासून सुरू.