टिक्का दिसण्याआधी

बऱ्हाणपूरकडच्या केळीवाल्याला करपा शिकवावा लागत नाही. पावसाळ्यात खालच्या पानांवर पिवळसर रेघा दिसल्या की तो विळा घेतो, पान कापतो आणि बागेबाहेर नेतो. तोच शेतकरी दोन एकर भुईमूग पेरतो तेव्हा मात्र निम्मा पाला गळेपर्यंत शांत असतो. खरं तर केळीचा करपा आणि भुईमुगाचा टिक्का एकाच कुळातल्या बुरशींचे. एकाची बुरशी दुसऱ्या पिकावर जात नाही, पण चाल सारखीच: मागच्या हंगामाच्या पाल्यावर दबा धरायचा, वारा आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर खालची पानं गाठायची, तिथून वर चढायचं. म्हणून केळीच्या बागेतली आपली सवय भुईमुगातही उपयोगी पडते.

आधी रोग ओळखू या. टिक्का दोन तऱ्हेचा असतो. लवकर येणारा टिक्का पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत दिसू लागतो. त्याचे ठिपके तपकिरी, भोवती ठळक पिवळं वलय. उशिरा येणारा टिक्का साधारण दीड महिन्यानंतर जोर धरतो. त्याचे ठिपके लहान, गोल आणि जवळजवळ काळे. पान उलटून पाहावं: उशिराच्या टिक्क्यात काळसर, खरखरीत वाढ खालच्या बाजूला दिसते.

इथे दोन गफलती नेहमी होतात. पानाखाली नारिंगी पूड दिसली आणि ती बोटाला लागली, तर तो टिक्का नाही, तांबेरा आहे. तांबेऱ्याची पानं वाळूनही झाडाला चिकटून राहतात, टिक्क्याची गळून पडतात. दोन्ही रोग एकाच शेतात एकाच वेळी असणंही नेहमीचंच. दुसरी गफलत म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या आणि ठिपके नाहीतच, तरी टिक्का समजून फवारणी होते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही बहुतेक लोहाची कमतरता असते. तिथे कितीही जैविक बुरशीनाशक मारलं तरी फरक पडणार नाही.

आता बियाणं. शेजारच्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने १९७०च्या दशकाच्या अखेरीस दिलेला ‘फुले प्रगती’ म्हणजेच जेएल-२४ हा वाण इतका पसरला की आफ्रिकेतल्या मलावीतही तो ‘काकोमा’ या नावाने लावतात. लवकर तयार होणारा, शेंगा भरपूर. पण पानांच्या रोगांपुढे तो हळवा आहे. घरचं बी म्हणून तोच पेरणार असाल तर पुढची सगळी कामं वेळेवर करावी लागतील. धारवाडचा जीपीबीडी-४ उशिराच्या टिक्क्याला आणि तांबेऱ्याला चांगला टिकाव धरतो. आपल्या जमिनीला आणि हंगामाला तो बसतो का, हे जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्यावं.

पेरणीआधी शेत पाहावं. मागच्या वर्षी तिथे भुईमूगच होता का? असेल तर जागा बदलावी, ज्वारी किंवा मका घ्यावा. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की पाल्याचे तुकडे गाडले जातात. राहिलेल्या शेंगांतून आपोआप उगवलेली रोपं उपटावीत. ती हिरवी असतात, गुरांना चालतील म्हणून कोणी हात लावत नाही आणि तांबेरा नेमका त्यांच्यावरच टिकून राहतो. उन्हाळी भुईमूग एका तुकड्यात उभा असताना बांधाला लागून खरिपाचा पेरणं म्हणजे रोगाला पूल बांधून देणं.

भुईमुगाच्या तीन ओळींना बाजरीची किंवा ज्वारीची एक ओळ घेतली तर टिक्का आणि तांबेरा दोन्ही कमी राहतात.

मग बीजप्रक्रिया. ट्रायकोडर्मा ही मातीत राहणारी उपकारक बुरशी. दुसऱ्या बुरशींभोवती वेटोळं घालून ती त्यांना खाते. एक किलो बियाण्याला ५ ग्रॅम पावडर पुरते. गुळाच्या पाण्याचा हलका हात द्यावा, पावडर टाकून दाणे हळूच वरखाली करावेत. जोरात चोळू नये. भुईमुगाची साल पातळ असते, ती सुटली की दाणा नीट उगवत नाही. त्यानंतर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांच्या गाठीत नत्र स्थिर करणारे जिवाणू, लावून सावलीत सुकवावं आणि त्याच दिवशी पेरावं.

या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: ट्रायकोडर्मा बुंधा कुजण्यापासून, रोप मर होण्यापासून वाचवते. पानावरच्या टिक्क्याचं ते औषध नव्हे. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून टाकली, तरी टिक्का आला, म्हणजे ‘जैविक काही कामाचं नाही’, असा निकाल लावणारे पुष्कळ भेटतात. काम वेगळं दिलं आणि हिशेब वेगळ्याचा मागितला, एवढंच.

पानांसाठी स्युडोमोनास फ्लुरोसन्स हे जिवाणू आहेत. ते बुरशीला जागा मिळू देत नाहीत आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतात. झाड तयार व्हायला काही दिवस लागतात, म्हणून रोग पसरण्याआधीच फवारावं. दुसरा आधार कडुनिंबाचा. ताज्या पाल्याचा ५ टक्के अर्क करायचा तर ५ किलो पाला पाण्यात वाटून रात्रभर भिजत ठेवावा, सकाळी कापडातून गाळावा आणि एकूण १०० लिटर करावा. उकळू नये.

पहिली फवारणी पेरणीनंतर चौथ्या आठवड्यात, ठिपके दिसोत वा न दिसोत. पुढे दर पंधरा दिवसांनी, एकूण तीन ते चार. एकदा निंब, एकदा स्युडोमोनास असं आलटून-पालटून करता येतं. स्युडोमोनास लिटरला १० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम.

बिघडतं ते बहुधा पंपाशी. पावडर शंखजिऱ्यात मिसळलेली असते, थेट टाकीत ओतली की नोझल तुंबतं. आधी बादलीत कालवून कापडातून गाळून घ्यावी. टाकीत कालचं तांबायुक्त औषध राहिलेलं असेल तर जिवाणू तिथेच मरतात, म्हणून पंप स्वच्छ धुवावा. नळाच्या क्लोरिनच्या पाण्यापेक्षा विहिरीचं बरं. पुडा पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर पडला असेल तर त्यात जिवंत काय उरलं असेल, याचा विचार करावा. विकत घेताना अंतिम तारीख वाचावी. सूर्य कलल्यावर फवारावं आणि नोझल वर वळवून पानांची खालची बाजू भिजवावी. उभ्या उभ्या वरून मारलेली फवारणी उशिराच्या टिक्क्याला फारशी पोहोचतच नाही.

सप्टेंबरात काळ्या ठिपक्यांवर कधी पांढुरकी लव दिसते. रोग वाढला म्हणून घाबरू नये. ती बहुधा टिक्क्याच्या बुरशीवरच जगणारी दुसरी बुरशी असते, डायसायमा तिचं नाव. ती मोठं शेत एकटीने वाचवत नाही, पण दिसली की बरं वाटतं.

झड लागली, पानं रात्रभर ओली राहिली, ऊबही २५ ते ३० अंशांची, तर टिक्का जैविक उपायांना मागे टाकू शकतो. खालची पानं गळू लागली आणि ठिपके मधल्या पानांवर चढले तर हट्ट धरू नये. तज्ज्ञांना विचारून शिफारशीचं रासायनिक बुरशीनाशक एखाद्या वेळी मारावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही. मात्र पाला गुरांना घालायचा असतो, तेव्हा फवारणी आणि काढणी यांतलं लेबलवरचं अंतर पाळावं आणि त्याच पाल्याचं वैरण होणार हे तज्ज्ञांना आधीच सांगावं.

काढणीचा दिवस पानांवरून ठरवू नये. टिक्क्याने पाला गळालेलं झाड पिकल्यासारखं दिसतं. चार-पाच शेंगा फोडून टरफलाची आतली बाजू पाहावी, ती काळसर झालेली हवी. पण रोग फार असेल तर लांबवूही नये, कारण आऱ्या, म्हणजे शेंगांना झाडाशी जोडणारी देठं, कमकुवत होतात आणि उपटताना शेंगा मातीतच राहतात. मजूर पुढे जातात, मागे बायकांना कुदळीने माती खणत शेंगा वेचाव्या लागतात.

झाडं उचलल्यावर जमिनीवर गळलेला पाला उरतो. तो दंताळ्याने ओढून एका बाजूला करावा आणि खड्ड्यात शेणाबरोबर कुजवावा. बांधावर ढीग लावून ठेवू नये.