‘सेनाइट’: रात्रींनी मोजलेला आठवडा

‘सेनाइट’ हा आज जवळजवळ लुप्त झालेला इंग्रजी शब्द ‘एक आठवडा’ या अर्थाने वापरला जात असे. ‘सात’ आणि ‘रात्री’ या अर्थांचे दोन जुने इंग्रजी शब्द एकत्र येऊन व उच्चारात झिजून तो तयार झाला. ‘चौदा रात्री’ या अर्थाचा ‘फोर्टनाइट’ हा त्याचाच भाऊबंद असून, ब्रिटनमध्ये तो अद्याप रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

काळ दिवसांऐवजी रात्रींनी मोजण्याची ही पद्धत जर्मानिक टोळ्यांमध्ये, म्हणजे इंग्रजांच्या भाषिक पूर्वजांमध्ये, रूढ होती, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने इ. स. 98च्या सुमारास लिहिलेल्या ‘जर्मानिया’ या ग्रंथात केली आहे. जेन ऑस्टिनच्या 1813 सालच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत ‘सेनाइट’ आढळतो. पुढे मात्र ‘वीक’ या शब्दाने त्याची जागा पूर्णपणे घेतली.

मराठीतील ‘पंधरवडा’ ‘फोर्टनाइट’च्या जवळचा असला, तरी त्याची मोजणी चौदा रात्रींची नसून पंधराची आहे, हा भेद भाषांतर करताना अवश्य ध्यानात ठेवावा.