म्हसोबाच्या दारी बैलांचा बाजार

कारखान्यावर उसाची गाडी आली की आपण टनाचा हिशेब करतो. गाडी ओढणारा बैल कुठून आला, हे कोण विचारतो? २०२२ च्या लम्पीच्या साथीत आमच्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल गेला. पुढचे हंगाम उसन्या बैलावर काढले. अखेर पौष पौर्णिमेला म्हशाची वाट धरली.

माळशेज घाट उतरून टोकावडे, सरळगाव करीत मुरबाड गाठावे. तिथून कर्जत रस्त्यावर म्हसा. देव म्हसोबा, त्यालाच खांबलिंगेश्वर म्हणतात. इथली यात्रा जुनी. नवसाला पाठीत गळ टोचून घेण्याची रीतही जुनीच. ते पाहून अंगावर काटा आला. देवाला नारळही पोचतो, असे आपले मला वाटते. घोंगड्यांचे ढीग, अवजारे, पाळणे यांतून वाट काढीत आधी दर्शन घेतले, मग दावणीकडे वळलो.

दावणीला डांगी बैल पुष्कळ. शहापूर, इगतपुरी, अकोले हा त्यांचा मुलूख. पांढऱ्या अंगावर काळे किंवा तांबडे ठिपके, कातडी तेलकट, म्हणून मुसळधार पावसात चिखलणीला हटत नाही. खुरे काळी नि टणक. सडकेवर खिल्लाराची चाल त्याला नाही, पण ओढीला दमदार. आमचा उरलेला बैलही डांगीच, तेव्हा उंचीचा मेळ पाहिला, दात पाहिले. सहा दाती निघाला, म्हणजे चारेक वर्षांचा.

भाव रुमालाखाली बोटांनी ठरला. मालक शहापूरकडचे वयस्कर बाबा. पैसे मोजून घेतले, पण दावे सोडून स्वतःच्या खांद्यावर टाकले.

"दावं द्यायचं नसतं, भाऊ. बैल तुमचा, दावं आमच्या घरचं."

मग बैलाच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. आम्ही पाठ फिरवून नवे दावे विकत आणायला गेलो.

एक सांगणे: बाजारातून आणलेले जनावर तीन आठवडे वेगळे बांधा, त्याचे चारा-पाणी वेगळे ठेवा, लसीची चौकशी करा. आम्ही एकदा शिकलो, तेवढे पुरे.

आमचे दोघे तीन आठवडे अंगणाच्या दोन टोकांना होते, एकमेकांकडे बघत रवंथ करीत. चौथ्या आठवड्यात जू ठेवले. म्हाताऱ्याने एकदा मान झटकली, नव्याला हुंगले आणि पाऊल उचलले.