लोडवर किती?

सकाळी ८. शटर वर. सेलूत सध्या पऱ्हाटीच्या फवारणीचे दिवस, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक पाठीवरच्या पंपाचंच. बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवर, शिशाची. मीटर १२.६ दाखवतो आणि पंप तर थुंकल्यासारखा फवारतो. अशा वेळी समजावत बसण्यापेक्षा मी मोटरसायकलच्या हेडलाइटचा बल्ब बॅटरीला जोडतो. काटा सरळ ९ वर येतो. गिऱ्हाईक एवढंच म्हणतं, "गेली म्हणजे."

११.३०. शनिवारची शाळा सुटली की पोरं येतात. प्रदर्शनासाठी गाडी केलीये: पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, एल-२९८चा लाल ड्रायव्हर, वर अर्डुइनो. "काका, जरासं चालते अन् बंद पडते जी. बॅटरी तर नवीच हाय."

बॅटरी ९ व्होल्टची चौकोनी. ती घड्याळ, मल्टिमीटर, धुराचा अलार्म अशा मिलिअँपिअरवाल्यांसाठी. ही मोटर सुटताना किंवा अडली की एकेक अँपिअरच्या आसपास मागते. मीटर लावून चाकं फिरवायला सांगितली. ९.२ वरून साडेचार! ड्रायव्हरवरच्या ७८०५ला ५ व्होल्ट द्यायला वरून सातेक तरी लागतात. ते मिळाले नाहीत की अर्डुइनो रिसेट होतो, मोटर थांबते, व्होल्ट वर येतात, तो पुन्हा सुरू होतो, पुन्हा बसतो. प्रोग्राम बिचारा नाहक बदनाम.

१२.३०. "मग फवारणीची बॅटरी लावू का जी?" करंट भरपूर देईल. पण तिचं वजन दोन किलोच्या वर, गाडी जागची हलायची नाही. शिवाय १२चे ५ करताना ७८०५ उरलेले सात व्होल्ट नुसते तापून घालवतो. अर्धा अँपिअर घेतला तर साडेतीन वॅट. बोट ठेवून पाहा म्हटलं, कोणी ठेवलं नाही.

२ वाजता सेल. १८६५० आकाराचे लिथियम, दोन सिरीजमध्ये: भरलेले ८.४, एरवी ७.४. एल-२९८ स्वतः दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे सहा व्होल्टच्या मोटरीला बरोबर. एका पोराने ऑनलाइन मागवलेल्या सेलवर '९८०० एमएएच' छापलंय. या आकारात ३५०० म्हणजे डोक्यावरून पाणी. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर ठेवला, तर २९ ग्रॅम. चांगला सेल ४५च्या आसपास भरतो. सोनारही हसला.

४. सगळ्यात निवांत काम. अर्डुइनोसाठी वेगळा बक कन्व्हर्टर, एलएम२५९६चा. त्याच्या निळ्या डबीवरचा पितळी स्क्रू बारीक पेचकसाने फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग आकडे एकदम घसरू लागतात. ५.० झाले की थांबायचं. हे अर्डुइनो जोडायच्या *आधी*, कारण नव्या बोर्डावर किती व्होल्ट ठेवलेत याचा नेम नसतो. प्रत्येक मोटरीच्या टोकांवर १०४चा कपॅसिटर डागला, पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा. निगेटिव्ह सगळ्यांचा एकच. तो विसरला तर ड्रायव्हरला सिग्नलच कळत नाही.

६. गाडी चालली, भिंतीला धडकली, तरी अर्डुइनो जागा. मीटर धडकेतही ७च्या वर. पुठ्ठ्यावर मार्करने लिहून दिलं: "६.४ला थांबवा. चार्जिंग दोन सेलच्या बीएमएसमधूनच." पोरांनी ते गाडीच्या पोटाखाली चिकटवलं, म्हणजे मास्तरला दिसणार नाही.

तेवढ्यात सकाळचा पंपवाला आला. जुन्या बॅटरीचं शिसं वजा करून नवीचा हिशेब केला. त्यानेच बल्ब मागितला, नवी तपासायला.