आटे जुळले पाहिजेत

गोटी सोड्यावर लिहा म्हटलं की संपादकांना आठवणी हव्या असतात. मला त्या बाटलीत गॅस भरणारं यंत्र बघायचं होतं, तेही खोललेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे तसं एक आल्याचं कळलं. एका रसवंतीवाल्यानं आजोबांच्या वेळचं हातयंत्र दुरुस्तीला टाकलं होतं.

इतिहास थोडक्यात असा. हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ साली या बाटलीचं पेटंट घेतलं. मानेत रबरी कडं, आत काचेची गोटी. गॅसच्या दाबानंच गोटी कड्यावर घट्ट बसते, वेगळं बूच लागत नाही. पुढं १८९२ साली पत्र्याचं झाकण निघालं आणि बहुतेक जगानं गोटीला रजा दिली. आपल्याकडं ती टिकली.

यंत्र दिसायला साधं: बिडाची बैठक, बाटल्या धरणारा पिंजरा, बाजूला हँडल. पाणी भरलेली बाटली पिंजऱ्यात अडकवायची, गॅस सोडायचा आणि हँडल फिरवायचं. बाटली कोलांट्या खाते, गॅस पाण्यात मुरतो. शेवटी ती उलटी थांबवली की गोटी मानेत येऊन बसते. पिंजऱ्याला जाळी असते, कारण एखादी बाटली फुटतेही.

मी अडकलो ते पिंजऱ्याच्या पोकळ आसापाशी. गॅस त्यातूनच बाटलीकडं जातो. आस फिरतो, गॅसची नळी मात्र जागची हलत नाही. दोघांच्या सांध्यात ग्लँड असते आणि तिच्यात पॅकिंग. पॅकिंग आवळलं तर हँडल फिरेना, सैल सोडलं तर गॅस फुसफुसतो. मिस्त्री सांध्यावर साबणाचा फेस लावायचे, पाव फेरा आवळायचे, पुन्हा फेस लावायचे. एवढा वेळ ते एक शब्दही बोलले नाहीत.

बोलले ते आट्यांवर. “साहेब, बोल्ट कुठं बी मिळतोय. आटं जुळायला पायजेत.” यंत्राचे आटे जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ मापाचे. अर्ध्या इंची बोल्टला इंचात १२ आटे, त्यांचा कोन ५५ अंशांचा. दुकानातला १२ मिलिमीटरचा बोल्ट मेट्रिक. त्याचा कोन ६० अंशांचा आणि आट्यांमधलं अंतर पावणेदोन मिलिमीटर. तो फेरा-दोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला तर बिडातले आटेही जातात. म्हणून एकेक बोल्ट लेथवर नव्यानं कापायचा.

बाटलीत गॅस सोडणारं नॉझल पितळी होतं. उलट्या बाटलीतलं पाणी त्याला लागतं, आणि सोड्याचं पाणी आम्लधर्मी. भंगारातल्या पितळेत शिसं असू शकतं, म्हणून नवं नॉझल स्टेनलेस स्टीलचं करायचं ठरलं. इथवर सगळं मिस्त्रींच्या हातातलं होतं.

पुढचं नाही. आधी बाटलीच्या मानेतलं रबरी कडं. सायकलच्या ट्यूबचं कापून लावलं तर सोड्याला रबराचा वास येतो. सिलिकॉन खाण्याच्या वस्तूंना चालतं, पण त्यातून कार्बन डायऑक्साइड सहज झिरपतो. चार दिवस ठेवलेला सोडा मिळमिळीत होणार. फूड ग्रेड नायट्राइल रबर हवं, आणि तेही मानेतल्या खाचेच्या मापाचं. खाच तरी एकसारखी कुठं आहे? रसवंतीवाल्याच्या क्रेटमधल्या बाटल्या वेगवेगळ्या साच्यांतल्या. एकीत घट्ट बसलेलं कडं दुसरीत गोल फिरतं.

बाटली लेथवर होत नाही. गोटी आत टाकल्यावर तोंड घडवावं लागतं, त्यामुळं साध्या बाटल्यांच्या कारखान्याला हे काम नको असतं. हाथरसजवळच्या सासनीत अशा बाटल्या बनत आल्या आहेत, पण कारखान्याला हवी मोठी ऑर्डर आणि रसवंतीवाल्याला हव्यात मोजक्या क्रेट. जुन्याच वापराव्यात, तर वर्षानुवर्षं घासून काचेवर ओरखडे पडलेत. दाबाखाली काच तिथूनच फुटते. शिवाय त्या अरुंद मानेतून ब्रश नीट जात नाही, म्हणजे स्वच्छतेचा प्रश्न आहेच.

मला वाटतं, यंत्र दुरुस्त करणाऱ्यानं सुरुवात बाटलीपासून करावी. मिस्त्रीही शेवटी तिथंच आले. नॉझलचं स्टील त्यांनी कापलेलं नाही. रसवंतीवाला ज्या बाटल्या मिळवेल, त्यांची मान मोजून मगच ते कापणार आहेत. तोवर बिल अर्धंच झालंय.