जड गाडी जोरात पळते म्हणे!

मे महिन्यात उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या घराच्या जिन्यावर नारिंगी प्लास्टिकचा ट्रॅक लागतो. वरच्या पायरीपासून खालच्या कोटा फरशीपर्यंत चार फुटांचा उतार, पुढे फरशीवर सपाट धाव. इंदूरहून नातू येतो, गल्लीतली पाच-सहा पोरं जमतात आणि बोटाएवढ्या धातूच्या गाड्यांच्या शर्यती सुरू होतात. पोरं भांडतात हिंदीत, रुसतात आपापल्या भाषेत.

यंदा नातवाने गाडीच्या बुडाचे दोन रिव्हेट ड्रिलने उडवले, आत सोल्डरच्या तारेचं वेटोळं कोंबलं आणि वरून एम-सील थापलं. पटनी बाजारातल्या ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ३४ ग्रॅमची गाडी ६१ ग्रॅम भरली. ती शर्यत अर्ध्या गाडीच्या अंतराने जिंकली. "भारी गाड़ी तेज़ भागती है," अशी घोषणा झाली. इथपर्यंत ठीक होतं, पोरंच ती. पण शेजारी चहा पीत बसलेले, चांगले इंजिनिअर असलेले गृहस्थ मान डोलावून म्हणाले, "साहजिक आहे. जड वस्तू लवकर खाली येते."

एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवल्यावर हे वाक्य कानावर पडलं की चहा कडू लागतो. लग्नात, रेल्वेत, क्रिकेटच्या मैदानावर, सगळीकडे ऐकलंय. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडून दाखवलं, दोन्ही एकदम पडली, त्याची चित्रफीत जगाने पाहिली. तरी चंद्रावर ठीक आहे, आमच्या जिन्यावर नाही, असं लोकांचं म्हणणं असतं.

तेव्हा जिन्यावरच बोलू. गाडीचं वजन दुप्पट केलं की तिला खाली खेचणारा जोर दुप्पट होतो, हे खरं. पण ढकलायचा ऐवजही दुप्पट झालेला असतो. हिशोब बरोबरीत सुटतो. राहिलं घर्षण. तेही वजनाच्या प्रमाणात वाढतं. शंका असेल त्यांच्यासाठी सांगतो, आमाँताँ या फ्रेंच संशोधकाने हा नियम १६९९ मध्ये मांडला आणि पाठ्यपुस्तकात तो अजून आहे. म्हणजे खेच दुप्पट, ऐवज दुप्पट, अडथळाही दुप्पट. मग सोल्डरने काय साधलं?

आता थोडं माझ्याच बिरादरीविरुद्ध बोलतो. इथे बहुतेक शिक्षक विजयी मुद्रेने सांगतात, "वजनाने काहीही फरक पडत नाही, गॅलिलिओ बघा." मीही वर्गात वर्षानुवर्षं हेच सांगितलं. हेही चूक आहे. आणि पोरगं शर्यत जिंकून समोर उभं असताना तसं सांगणं म्हणजे त्याच्या डोळ्यांना खोटं पाडणं.

फरक पडतो, दोन कारणांनी. एक म्हणजे हवा. हवेचा अडथळा गाडीचा आकार आणि वेग बघतो, वजन बघत नाही. ताशी १७ किलोमीटरच्या वेगाला या एवढ्याशा गाडीवरचा हवेचा रेटा तिच्या वजनाच्या शंभरात एक भागाच्या आसपास भरतो. गाडी जड केली की तोच रेटा तुलनेने हलका पडतो. दुसरं कारण चाकं. उतारावर मिळालेल्या ऊर्जेतली थोडी पुढे जाण्याऐवजी चाकं फिरवण्यात जाते. चार चाकं आणि आस मिळून दोनेक ग्रॅम धरली, तर ३४ ग्रॅमच्या गाडीत हा खर्च शंभराला तीनच्या आसपास. गाडीचं अंग जड केलं आणि चाकं तीच ठेवली, तर तो दीडवर येतो. दोन्ही मिळून पाच मीटरच्या धावेत फायदा किती? माझ्या ढोबळ हिशोबाने पाच-सहा सेंटिमीटर. अर्धी-पाऊण गाडी. नातू जिंकला नेमका तेवढ्यानेच.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की या अर्ध्या गाडीच्या आनंदात ऊर्जा खरी जाते कुठे, ते कुणी बघतच नाही.

ते शोधायला प्रयोगशाळा लागत नाही, कोटा फरशी लागते, आणि माळव्यातल्या जुन्या घरात ती असतेच. ट्रॅकची सुरुवात फरशीपासून बरोबर ३० सेंटिमीटर उंच करा. गाडी सोडा, ढकलू नका. जिथे थांबेल तिथे खडूची रेघ मारा आणि सुरुवातीच्या बिंदूच्या थेट खालच्या जागेपासून तिथपर्यंत टेप लावा. सहा मीटर आले तर ३० भागिले ६००, म्हणजे वीसात एक. गाडीच्या वजनाच्या पाच टक्के जोर तिला सतत मागे ओढतोय. फरशी एका अंगाला उतरती असते, म्हणून उलट्या दिशेनेही एकदा सोडून सरासरी घ्या. बस, एवढंच. तराजूशिवाय, घड्याळाशिवाय गाडीचा अडथळा हातात येतो.

आता हाच पाच टक्क्यांचा अडथळा जिन्यावरच्या शर्यतीत घाला. चार फूट, म्हणजे १.२ मीटर उंचीवरून मिळालेल्या ऊर्जेपैकी पाच मीटरच्या धावेत एक पंचमांश हा अडथळाच गिळतो. एक पंचमांश! आणि त्यातला बहुतेक भाग वजनाला भीक घालत नाही, कारण तो आसाच्या घर्षणाचा आहे. इकडे आपण सोल्डर कोंबून शंभरात एक-दोन वाचवतोय आणि तिकडे वीस वाहून चाललेत.

याचा निकाल बाजारात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लागला आहे. १९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्स बाजारात आणल्या. तोवर या आकाराच्या गाड्यांत दबदबा होता इंग्लंडच्या लेस्नी कंपनीच्या मॅचबॉक्सचा. त्यांच्या गाड्या देखण्या, पण आस जाड, त्यामुळे ढकलल्या की दोन वितींवर थांबायच्या. हॉट व्हील्सने बारीक तारेची आस घेतली आणि तिच्याभोवती डेलरिन नावाच्या गुळगुळीत प्लास्टिकची बुशिंग बसवली. गाड्या सुसाट सुटल्या. लेस्नीने उत्तर म्हणून गाड्या जड केल्या का? नाही. १९६९ पासून 'सुपरफास्ट' या नावाने त्यांनीही आस बारीक केली. कारण साधं आहे. घर्षण आसाच्या पृष्ठभागावर होतं आणि चाक त्याला लांब दांड्यासारखं फिरवतं. आस जितकी बारीक आणि चाक जितकं मोठं, तितका अडथळा कमी. विहिरीच्या रहाटाचा कणा जाड असता तर पाणी ओढणाऱ्याला हे न शिकवता कळलं असतं.

म्हणून गाडी हातात घेऊन पहिलं काम वजनाचं नाही. काचेच्या तुकड्यावर ती हळूच सोडा. डावीकडे-उजवीकडे गेली तर आस वाकडी आहे, आणि अशी गाडी ट्रॅकच्या भिंतीला घासत जाणार. चिमट्याने आस सरळ करा. चाक गाडीच्या अंगाला टेकतंय का, उजेडात धरून बघा. चाकाच्या भोकात साच्यातून उरलेलं प्लास्टिकचं कुसळ असतं, ते सुईने काढा. उलट वजन फार वाढवलं की मिलिमीटरभर जाडीची ती तार मधोमध वाकते, चाकं फाकतात, आणि सोल्डरने कमावलेलं सगळं चाकाच्या घासण्यात जातं.

वजन घालायचंच असेल तर ते मागच्या बाजूला घालण्यात थोडं शहाणपण आहे. उतारावर गाडीचा मागचा भाग वर असतो, म्हणजे वजन तितकं जास्त उंचावरून पडतं. आमच्या वेधशाळेतल्या सम्राट यंत्राचा कलता कठडा उज्जैनच्या अक्षांशाएवढा, २३ अंशांहून किंचित जास्त कललेला आहे. तेवढ्या उतारावर वजन दोन सेंटिमीटर मागे सरकवलं, तर ते पाऊण सेंटिमीटर वर चढतं. (नातवाला हा कोन सांगितल्यापासून त्याचा त्या कठड्यावर डोळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी या वेधशाळेचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले, ते गाड्या सोडायला नव्हे, हे त्याला बजावलं आहे.) आणि हो, शिसं मिसळलेलं सोल्डर हाताळलं की हात धुवा. लहान भावंडं गाडी तोंडात घालतात.

तेलाचं प्रकरण तर विचारू नका. घरोघरी आसाला खोबरेल तेल सोडतात. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, आणि जानेवारीत उज्जैनचा पारा रात्री दहाच्या खाली जातो. गेल्या संक्रांतीला गल्लीतल्या एका पोराची गाडी ट्रॅकवर अर्ध्यात थांबली. चाक फिरवून पाहिलं तर आसाभोवती पांढरं लोणी. उन्हाळ्यात तेल गोठत नाही, पण धूळ गोळा करतं, ते आणखी वाईट. कोरडं ग्राफाइट वापरा. पेन्सिलीचं शिसं किसून घातलं तर त्यात माती मिसळलेली असते, ते फारसं कामाचं नाही. गंमत म्हणजे पोरं कॅरमची पावडर घालतात त्याला मोठी माणसं हसतात, पण ती बोरिक ॲसिडची असेल तर ते खरोखरच कोरडं वंगण आहे.

रबरी टायरच्या गाड्या 'ग्रिप' चांगली म्हणून जास्त पळतात? ग्रिप लागते इंजिनाने चाक फिरवायचं असेल तेव्हा. इथे ओढते पृथ्वी. रबर दबतं, उसळतं, आणि त्यात ऊर्जा जाते.

मागचा पंखा, म्हणजे स्पॉयलर, दिसायला छान.

गाडी लोखंडाची आहे म्हणून ट्रॅकखाली चुंबक लावू, असाही एक शोध लागला होता. अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं, त्याला चुंबक ओळखत नाही, फक्त आस पोलादाची. लबाडी करायचीच तर अमेरिकेतलं ॲक्रन आठवा. तिथल्या मुलांच्या सोप बॉक्स डर्बीत १९७३ साली जिंकलेल्या गाडीच्या नाकात विद्युतचुंबक निघाला. सुरुवातीची पोलादी फळी खाली पडताना गाडीला पुढे ओढायची. क्ष-किरणांत पकडले गेले आणि बक्षीस गेलं.

"माझी गाडी ताशी ११०० किलोमीटर जाते" हे खोक्यावरचं गणित ६४ ने गुणून येतं, कारण गाडी खऱ्याच्या एक चौसष्टांश असते. गाडी लहान केली तरी गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. प्रमाणाचा न्याय लावायचाच तर ६४ च्या वर्गमुळाने, म्हणजे आठाने गुणा. ताशी जवळपास १४० येतात. नव्या इंदूर रस्त्यावर पोलीस अडवतील एवढे.

आणि शेवटी पारा. उज्जैनमध्ये राहून हे टळणार नव्हतं. "आपल्या भास्कराचार्यांनी पारा भरून आपोआप फिरणारं चाक केलं होतं, तसं गाडीला लावलं तर?" विचारणारे संस्कृतचे चांगले जाणकार होते. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त, गोलाध्यायाच्या यंत्राध्यायात, पोकळ आऱ्यांत अर्धा पारा भरलेल्या चाकाचं वर्णन आहे, यात वाद नाही. ज्या गणिताची मध्यरेखा याच आमच्या गावातून जाते, त्या गणिताचा एवढा मोठा माणूस, त्याने लिहिलं म्हणून ते फिरलं असं मात्र होत नाही. एका बाजूचा पारा जितकं ओढतो तितकंच दुसऱ्या बाजूचा अडवतो, चाक थोडं डुलतं आणि थांबतं. त्यातून पारा विषारी, आणि तो जस्तात शिरून त्याचं पारदमिश्रण करतो. म्हणजे गाडी पळणं दूरच, तिचं अंगच ठिसूळ होऊन हातात येईल.

एवढं सगळं सांगून झाल्यावर नातवाला म्हटलं, चल, लावू शर्यत. त्याची ६१ ग्रॅमची गाडी एका बाजूला. माझ्याकडे त्याच्या बापाची, नव्वदच्या दशकातली, लिओ मॅटेलच्या शिक्क्याची, रंग उडालेली गाडी. तिच्यात काही भरलं नाही. दोन संध्याकाळ बसून आस सरळ केली, भोकांतली कुसळं काढली, ग्राफाइट चिमूटभर. कोटा फरशीवर ती सहा मीटरवरून साडेआठावर गेली होती.

गल्ली जमली. सुटल्या. उतार संपेपर्यंत बरोबरीत होत्या, सपाट धावेवर माझी पुढे निघाली आणि तीन गाड्यांच्या अंतराने आली. पोरं गप्प. नातवाने माझी गाडी उचलली, तळहातावर तोलली, मग स्वतःची तोलली.

"आजोबा, आलं लक्षात," तो म्हणाला. "हलकी गाडीच जोरात पळते."