चेहरा व मान यांवरील सौंदर्य-इंजेक्शने : उपचारांच्या वेळापत्रकाचा शास्त्रीय आधार

प्रस्तावना :
लग्नसराई जवळ आली की सौंदर्योपचारांची मागणी वाढते, आणि 'तारीख ठरली आहे, त्याआधी सर्व उरका' असा आग्रह धरला जातो. वस्तुतः या इंजेक्शनांचे वेळापत्रक मुहूर्तावरून नव्हे, तर औषधाच्या शरीरातील कार्यपद्धतीवरून ठरते. प्रस्तुत लेखात या कार्यपद्धतीचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बोटुलिनम विष :
क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूपासून मिळणाऱ्या या विषास अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा व पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन यांवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. कॅनडातील नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांना अशा रुग्णांवर उपचार करताना भुवयांमधील आठ्या मावळल्याचे आढळले. त्यांनी पती व त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स यांच्यासह १९९२ मध्ये याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. आठ्यांवरील उपचारास अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली.

मज्जातंतूच्या टोकाशी होणारे ॲसिटिलकोलीनचे स्रवण हे विष थांबवते आणि स्नायू शिथिल होतो. परिणाम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो. पूर्ण परिणामास सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणूनच 'चार दिवस झाले, फरक नाही' म्हणून पुन्हा इंजेक्शन घेणे अशास्त्रीय ठरते. फेरतपासणी दोन आठवड्यांनीच योग्य होय. मज्जातंतूचे कार्य पूर्ववत होऊ लागले की साधारणतः तीन ते चार महिन्यांत परिणाम ओसरतो. तीन महिन्यांच्या आत पुनरावृत्ती टाळावी, कारण वारंवार व अधिक मात्रा घेतल्यास शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन औषध निष्प्रभ होण्याचा संभव असतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या औषधांची एककेही परस्परांशी समान नसतात. त्यामुळे मागील नोंद सोबत नसेल तर पुढील मात्रा ठरविणे कठीण जाते. ही नोंद मागून घेणारे रुग्ण मात्र विरळाच!

मान :
मानेवरील उभ्या पट्ट्या प्लॅटिस्मा या पातळ, पसरट स्नायूमुळे दिसतात. त्यांवरील उपचारास अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. येथे गिळण्याचे स्नायू निकट असल्याने मात्रा वा खोली चुकल्यास गिळताना त्रास होऊ शकतो. हनुवटीखालील चरबीसाठी वापरले जाणारे डीऑक्सिकोलिक आम्ल किमान एक महिन्याच्या अंतराने, कमाल सहा वेळा देता येते. प्रत्येक वेळी सूज येते. अर्थात, हे काम महिन्याभरात उरकणारे नव्हे.

हायलुरोनिक आम्लाचे फिलर :
फिलरचा परिणाम तत्काळ दिसतो, परंतु सूज व काळेनिळे डाग ओसरण्यास एक-दोन आठवडे लागू शकतात. एकाच भागावर दोन्ही उपचार करावयाचे असल्यास प्रथम बोटुलिनम व दोन आठवड्यांनी फिलर हा क्रम अधिक सयुक्तिक वाटतो. स्नायू शिथिल झाल्यावर फिलरची गरज नेमकी किती, हे कळते.

समारंभापूर्वी बोटुलिनमसाठी किमान एक महिना राखावा : दोन आठवडे परिणामासाठी, उरलेले दुरुस्तीसाठी. गर्भवती व स्तनदा माता तसेच मायस्थेनिया ग्रेव्हिसचे रुग्ण यांच्याबाबतीत तारखेचा विचारच करू नये.

फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास त्वचेचा भाग मृत होऊ शकतो, क्वचित अंधत्वही येते. हायलुरोनिडेज हे विकर तातडीने द्यावे लागते. ते जेथे उपलब्ध नाही तेथे फिलर घेऊ नये, आणि इंजेक्शन घेऊन त्याच रात्री लांबच्या प्रवासास निघू नये.